टायटेनियम मिश्रधातूंची घडाई

टायटेनियम मिश्रधातूचा तापवलेला ठोकळा प्रेस किंवा हॅमरखाली दाबून त्याला आकार देण्याची आणि त्याच वेळी त्याची सूक्ष्मसंरचना ठरवण्याची प्रक्रिया. यांपैकी दुसरे काम अधिक मोलाचे. आकार पुढे कातकामानेही नेमका करता येतो. पोलादाचे कण नुसते तापवून व गार करूनही बारीक होतात. टायटेनियमला ही सोय नाही, त्यासाठी धातू चेपावाच लागतो.

शुद्ध टायटेनियमची स्फटिकरचना ८८२° से. खाली षट्कोनी (अल्फा) असते आणि त्यावर घनीय (बीटा). ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या, विमानउद्योगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूत पूर्ण बीटा होण्याची सीमा सुमारे ९९५° से. आहे. घडाईचे सारे गणित या सीमेभोवती फिरते. सीमेच्या वर घडवल्यास बीटाचे कण मोठे होतात आणि थंड होताना त्यांत अल्फाच्या लांब, समांतर पट्ट्या पडतात. अशी रचना वाढत्या तड्याला चांगला अडथळा करते, पण धातूची तन्यता घटते. सीमेच्या खाली पुरेसे चेपल्यास पट्ट्या वाकतात, तुटतात व गोलसर होतात. आम्लाने कोरलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की उजळ अल्फाचे गोल कण आणि त्यांच्यामधला गडद बीटा स्पष्ट दिसतो. या रचनेत थकव्याचा तडा सहज सुरू होत नाही.

काम अवघड आहे ते उष्णतेमुळे. टायटेनियम उष्णतेचा मंद वाहक. थंड डायला (साच्याला) टेकलेला पृष्ठभाग झटकन निवतो, आतला भाग वेगाने चेपल्यास उलट तापतो. एकाच तुकड्यात दोन रचना तयार होतात. म्हणून डाय तापवतात. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेने २००० टनी समतापी प्रेसवर, म्हणजे डाय धातूइतकाच तापलेला ठेवून, अडूर या जेट इंजिनाच्या उच्च-दाब काँप्रेसरच्या पाचही टप्प्यांच्या चकत्या घडवल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. नीलकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेल्या पुण्याच्या भारत फोर्जने २०१६ मध्ये बोइंग ७३७ साठी टायटेनियमचे फ्लॅप-ट्रॅक पुरवण्यास सुरुवात केली. विमानाच्या पंखाचे फ्लॅप याच मार्गांवरून सरकतात.

घडाई अपुरी पडली तर शेजारचे असंख्य अल्फा कण एकाच दिशेला राहतात. अशा क्षेत्राला मॅक्रोझोन म्हणतात. ३० सप्टेंबर २०१७ रोजी ग्रीनलंडवर एअर फ्रान्सच्या ए३८० विमानाच्या एका इंजिनाचा पंखा-हब फुटला, तो मॅक्रोझोनमधून सुरू झालेल्या तड्यामुळे, असे फ्रेंच तपासयंत्रणेला आढळले. विमान कॅनडात सुखरूप उतरले. असा दोष तयार भागात, भाग न कापता, हेरणारी तपासणीपद्धत तेव्हा उपलब्ध नव्हती.