मिशनऱ्यांचे संसार

संकष्टीच्या दिवशी टिटवाळ्याचे स्टेशन माणसांनी फुलून जाते. महागणपतीच्या दर्शनाला निघालेली ती गर्दी पाहतच मी लहानाचा मोठा झालो. आमच्या आत्या देवदर्शन कधी चुकवीत नसत. पण दुपारी चष्मा लावून बसत त्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेऊन. हसता हसता पदराने डोळे पुसत. एकदा पुस्तक मिटून म्हणाल्या, “नवऱ्याने धर्म बदलला, पण हिला कोणी विचारलं होतं का रे?”

त्या प्रश्नाने मी मिशनऱ्यांच्या इतिहासाकडे वळलो, आणि तिथेही प्रथम नजरेत भरले ते संसारच.

अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट विल्सन ह्यूम व त्यांच्या पत्नी हॅना १८३९ साली मुंबईस आले. ह्यूमसाहेबांनी ‘ज्ञानोदय’चे संपादन केले. १८५४ साली मायदेशी परतताना समुद्रावरच त्यांचा अंत झाला. लहान मुलांना घेऊन हॅनाबाई विधवा होऊन घरी पोचल्या. त्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा रॉबर्ट ॲलन तेव्हा सात वर्षांचा होता. तोच पुढे, १८७४ साली, पत्नी ॲबी हिच्यासह अहमदनगरास आला. १८८१ साली ॲबी वारली. १८८७ साली त्यांनी फेअरबँक या मिशनरी घराण्यातल्या केटी यांच्याशी विवाह केला. मिशनच्या अहवालांत साहेबांची कामे ठळक असतात. या बायकांचे कष्ट मात्र ओळींच्या मधे शोधावे लागतात.

या डॉक्टर ह्यूम यांनी १८७८ साली नगरला धर्मशिक्षणाची शाळा काढली. गोरा पाहुणा आज आहे, उद्या नाही; मंडळी चालवायची तर इथलाच माणूस तयार झाला पाहिजे, हे त्यामागचे मर्म. याच शाळेत पुढे शिक्षक झाले नारायण वामन टिळक.

टिळकांचे बालपणीचे शिक्षण आमच्या शेजारच्या कल्याणात झाले, पुढचे नाशकात. टिटवाळ्यावरून आगगाडी आजही त्याच नाशकाकडे जाते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना आधी विचारले नव्हते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या, आणि १९०० साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर, ख्रिस्ती झाल्या.

टिळकांनी चर्चमध्ये भजन आणि कीर्तन आणले. परदेशी चालींत अवघडलेली प्रार्थना ओवी-अभंगांत मोकळी झाली. १९१७ साली तर त्यांनी मिशनची नोकरीच सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. कुणाला हा मिशनचा पराभव वाटेल. मला वाटते, शिष्याने आधाराचा हात सोडून चालू लागावे, यापरते गुरूचे यश कोणते? १९१९ साली टिळक गेले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले लक्ष्मीबाईंनी. ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर झाली, त्या लक्ष्मीबाईंनी!

हे सारे मी आत्यांना सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे शेवटी तिनेच सांगितलं म्हण, न विचारता!” आणि त्यांनी पुस्तक पुन्हा उघडले.