'जामीन' या शब्दाविषयीं

मुंबई-गोवें रस्त्यास हातखंबा येथें रत्नागिरीचा फाटा फुटतो. त्या वाटेनें जिल्हा न्यायालयाकडे जाणारा पक्षकार आज विचारतो, 'जामीन मिळेल काय?' जुन्या दप्तरांत व्यवहार उलटा आहे. तेथें जामीन द्यावयाचा तो आरोपीनें, घ्यावयाचा तो सरकारनें. कारण जामीन म्हणजे हमी घेणारा मनुष्य. असामी हजर करील तो हाजीरजामीन, पैशाची हमी घेईल तो मालजामीन, वर्तणुकीची घेईल तो फैलजामीन. तेव्हां 'जामीन दिला' एवढ्यावरून सरकारनें सुटका केली असें वाचणें आम्हांस सर्वस्वी चुकीचें वाटतें. मालजामिनाचा कतबा तर गुन्ह्याचा पुरावाच नव्हे. संग्राहकांनीं असे कतबे रद्दींत टाकूं नयेत. गांवांत कोण कोणासाठीं उभा राही, हें त्यांतच सांपडतें. रत्नागिरीस जन्मलेले टिळक १८९७ सालीं न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या हुकुमानें 'जामिनावर' सुटले. या प्रयोगांत तो जुना मनुष्य अजून दिसतो. पुढें मोतीराम खटल्यांत एका गवंड्याच्या भावाची हमी, मालमत्ता परजिल्ह्यांत म्हणून, दंडाधिकाऱ्यानें नाकारली. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें अमान्य केलें.