शब्दवेध : कुंभकोणम

कुंभकोणम म्हटलं की आपण ‘कोन’ शोधू लागतो. पण संस्कृत ग्रंथांत हे नाव ‘कुंभघोण’ असंही येतं, आणि घोणा म्हणजे नाक. जुन्या तमिळ भक्तिपदांत हेच गाव ‘कुडमूक्कु’ आहे: कुडम म्हणजे घडा, मूक्कु म्हणजे नाक. घड्याचं नाक म्हणजे त्याची तोटी! प्रलयात तरंगत आलेला अमृतकुंभ शिवाने बाण मारून फोडला, ती ही जागा, असं स्थलपुराण सांगतं. मला तरी ‘घोण’च मूळचा वाटतो, ‘कोण’ बोलण्याच्या ओघात आला असावा. आदिकुंभेश्वराच्या देवळात आजही शिव त्या घड्याच्या नावानेच पुजला जातो.

सांडलेल्या अमृताचं तळं म्हणजे महामहम. गुरू सिंह राशीत असताना, माघी पौर्णिमेच्या सुमारास, मघा नक्षत्रावर तिथे स्नान होतं. ‘महामहम’मधला ‘महम’ ही मघाच. नाशिकचा सिंहस्थही सिंहेच्या गुरूचाच, म्हणून 2015च्या नाशिकपाठोपाठ फेब्रुवारी 2016मध्ये इथे गर्दी लोटली. कावेरीकाठचं हे गाव व्यंकोजीराजांच्या तंजावर राज्यातलं. गोदाकाठच्या माणसाला तिथे परकं का वाटावं?