व्हिएन्नातला एक फोन आणि रातकिड्याचे कान

आजचा भाग एका फोनकॉलबद्दल आहे. साल १९१३. फोनच्या एका टोकाला नर रातकिडा, दुसऱ्या टोकाला मादी. नर किरकिरायला लागला, त्याचा आवाज मायक्रोफोनमधून तारेत शिरला, तारेतून रिसीव्हरमध्ये आला, आणि मादी चालत चालत त्या रिसीव्हरपाशी पोचली. झालं, एवढाच कॉल. पण तो लागायला माणसाला जवळजवळ ९० वर्षं लागली. का लागली, ते आज बघू.

आधी एक गोष्ट सुटी करून घेऊ. कीटक आवाज करतात हे कुणाला सांगायची गरजच नाही, पावसाळ्यात कुठल्याही गावात एक रात्र काढा. रातकिड्याच्या एका पंखाखाली करवतीसारखी दातेरी शीर असते, दुसऱ्या पंखाची कड तिच्यावरून घासली की किर्र होतं. हे सगळं फक्त नर करतो. पण आवाज करणं वेगळं आणि तो ऐकणं वेगळं. माझ्या खोलीतला पंखाही रात्रभर किरकिरतो, म्हणून तो कुणाला हाक मारतोय असं आपण म्हणत नाही. तेव्हा खरा प्रश्न होता: ही किरकिर कुणी ऐकतं का?

सुरुवात शरीररचनेपासून झाली. १८२६ मध्ये योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने टोळाच्या पोटाच्या बाजूला एक पातळ पडदा आणि त्याला जोडलेली नस यांचं वर्णन केलं. १८४४ मध्ये कार्ल फोन सीबोल्टने त्याच जातकुळीतल्या, लांब मिशांच्या कीटकांमध्ये असंच काहीतरी दाखवलं, पण भलत्याच जागी: पुढच्या पायात, गुडघ्याच्या जरा खाली. म्हणजे टोळाचे कान पोटावर आणि रातकिड्याचे पायात. डोक्यावर कुणाचेच नाहीत.

पण हे कान आहेत हे कशावरून? पडदा आहे, नस आहे, दिसायला कानासारखं आहे, इतकंच. जुन्या कोडवर काम केलेल्या कुणालाही विचारा: कोडमध्ये एखादं फंक्शन आहे म्हणजे ते कुठून तरी कॉल होतंच असं नाही. नाव ‘ऐक’ असेल आणि आत दुसरंच काही चाललेलं असेल. पडदा बघून प्रश्न सुटत नव्हता, कीटकालाच विचारायला हवं होतं.

आणि विचारलं ते फ्रान्समधल्या ज्याँ-आंरी फाब्रने. विचारलं ते थेट तोफेने.

फाब्र हा मला अतिशय आवडणारा माणूस. दक्षिण फ्रान्समधल्या सेरिन्याँ गावी घर, घराभोवती रान माजू दिलेली जमीन, आणि जन्मभर एकच उद्योग, किडे बघत बसणं. घरासमोर मोठी प्लेनची झाडं होती आणि उन्हाळ्यात त्यांवर सिकाडा बसायचे. सिकाडा म्हणजे झाडाच्या खोडाला चिकटून कानठळ्या बसवणारा तो जाडजूड कीटक. आपल्याकडे सह्याद्रीच्या जंगलात पावसाच्या आधी भर दुपारी जो एकसुरी कल्लोळ ऐकू येतो, तो बहुतेक वेळा यांचाच. फाब्रला शंका आली, की इतकं ओरडणारा हा प्राणी ऐकत तरी असेल का? त्याने त्यांच्यामागे उभं राहून बोलून पाहिलं, शिट्ट्या वाजवल्या, टाळ्या वाजवल्या. काही फरक नाही.

मग त्याने गावच्या उखळी मागवल्या. आपल्या जत्रांमध्ये दारू ठासून उडवतात ना, तशाच. त्यांच्या गावातही ग्रामदैवतासारख्या संताच्या उत्सवाला त्या उडवत. तोफवाल्याने उत्सवाच्या थाटात दारू ठासली, काचा फुटू नयेत म्हणून घराच्या खिडक्या उघडून ठेवल्या. सहा माणसं झाडांखाली कान देऊन उभी राहिली. किती सिकाडा गातायत, कुठल्या लयीत, हे आधी नीट ऐकून घेतलं. बार उडाला. वर झाडावर? सगळे तितकेच, तीच लय, तोच सूर. दुसरा बार उडवला. तरी तेच.

फाब्रने निष्कर्ष लिहिला, की सिकाडाला फारच कमी ऐकू येतं, स्वतःचा आवाजही बहुधा येत नसावा. हा किस्सा त्याच्या कीटकांवरच्या ग्रंथमालेच्या पाचव्या भागात आहे, १८९७ चा.

हा किस्सा सांगितला की लोक हसतात. मला ते पटत नाही. प्रयोग म्हणून बघा: आधीची स्थिती नोंदवली, एकाऐवजी सहा साक्षीदार ठेवले, आणि तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला. आजही पुष्कळ लोक एवढं करत नाहीत. चूक होती ती विचारलेल्या प्रश्नात. तोफेचा धडाका माणसाला प्रचंड वाटतो, पण त्यातला मोठा भाग खालच्या पट्टीतला, घुमणारा. सिकाडाचा स्वतःचा आवाज काही हजार हर्ट्झचा, आणि त्याचे कान त्याच पट्टीला लागलेले. शिवाय आणखी एक गंमत पुढे कळली. सिकाडालाही पोटावर कान असतात, आणि नर गायला लागला की एक स्नायू त्याच्या कानाचा पडदा सैल करून टाकतो. स्वतःच्या आवाजाने स्वतःचे कान फाटू नयेत म्हणूनची सोय म्हणा. १९५४ मध्ये जॉन प्रिंगलने सिलोनमधल्या सिकाडांवरचं काम छापलं, त्यात ही यंत्रणा आहे. म्हणजे फाब्रने भलत्या पट्टीत हाक मारली, आणि तीही समोरच्याने कान सैल सोडलेले असताना.

आणि सगळ्यात साधी गोष्ट: उत्तर आलं नाही म्हणजे ऐकू गेलं नाही, असं थोडंच आहे? जेवायला हाका मारून थकलेल्या कुठल्याही आईला विचारा.

आता व्हिएन्ना. योहान रेगेन, मूळचा इव्हान रेगेन, जन्म १८६८, आजच्या स्लोव्हेनियातल्या एका खेड्यातला. व्हिएन्नात तो शाळेत शिकवायचा. त्याची पद्धत फाब्रच्या उलटी होती. कीटकाला माणसाचा आवाज ऐकवण्याऐवजी त्याने कीटकांचंच आपापसातलं बोलणं धरलं. एका जातीच्या नाकतोड्याचे दोन नर जवळ असले की आळीपाळीने किरकिरतात, सवाल-जबाबासारखं. एक थांबला की दुसरा. रेगेनने त्यांच्या पुढच्या पायातले ते पडदे निकामी केले, तर ही आळीपाळी बिघडली. नर गात होते, पण एकमेकांचा ताल धरून नाही. प्रयोग क्रूर आहे, पण पायातल्या पडद्याचं काम काय ते पहिल्यांदा वागणुकीतून दिसलं.

तरी शंका काढायला जागा होतीच. मादी नराकडे जाते ती वासाने जात असेल. दिसतो म्हणून जात असेल. किंवा नर पंख घासतो तेव्हा जमिनीला जो बारीक कंप सुटतो, तो तिला पायांना कळत असेल, मग त्याला ऐकणं म्हणायचं का? या सगळ्या शंका एका फटक्यात उडवायच्या, तर नराचा फक्त आवाज शिल्लक ठेवून बाकी अख्खा नर गायब करायला हवा. आता सांगा, १९१३ मध्ये असं यंत्र कुठलं होतं, जे माणसाचा वास, चेहरा, पावलं सगळं मागे ठेवून फक्त आवाज पुढे नेतं?

टेलिफोन! लाखो लोकांच्या कानाला लागलेलं यंत्र. रेगेनला नवं काही बनवावंच लागलं नाही. मादी रिसीव्हरकडे चालत गेली, तिथे ना वास होता, ना नर, ना त्याचे पाय. होता तो फक्त आवाज. डीबगिंग करताना आम्ही म्हणतो, बाकी सगळं बंद कर आणि एकच गोष्ट चालू ठेव. यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

एक अवांतर. गावी साध्या फोनवर बोलताना मागे रातकिडे ओरडत असले तरी आपल्याला सहसा ऐकू येत नाहीत, लक्षात आलंय का? साधी टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच पुढे नेते, माणसाच्या बोलण्याला तेवढं पुरतं. रेगेनने वापरलेल्या रातकिड्याचा सूर ४५०० च्या आसपास. ही ठरावीक चाळणी टेलिफोनला नंतर लागली, म्हणून बरं.

टेलिफोन आणि रातकिडे यांची गाठ त्याआधीही एकदा पडली होती. अमेरिकेतल्या टफ्ट्स कॉलेजचे प्राध्यापक एमस डॉल्बिअर यांनी स्वतःचा टेलिफोन बनवला होता. बेलच्या कंपनीशी खटला झाला आणि १८८८ मध्ये सुप्रीम कोर्टात ते हरले. १८९७ मध्ये, म्हणजे फाब्रची तोफ ज्या साली छापली गेली त्याच साली, त्यांनी दीड-दोन पानांचा लेख लिहिला: रातकिडा हा थर्मामीटर आहे. मिनिटाला किती वेळा किरकिरतो ते मोजा, त्यातून ४० वजा करा, ७ ने भागा, १० मिळवा, की साधारण सेल्सिअसमध्ये तापमान. (त्यांचं मूळ सूत्र फॅरनहाइटमध्ये आहे. आणि आपल्या अंगणातल्या रातकिड्यावर हे वापरू नका, प्रत्येक जातीचं गणित वेगळं.) रातकिडा थंड रक्ताचा, गारठा वाढला की सगळंच मंदावतं. पण मग मादीची पंचाईत होत नाही का? तिने नर ओळखायचा तो लयीवरून, आणि लय तर दर रात्री वेगळी. १९५७ मध्ये टॉमस वॉकरने दाखवलं की मादीची आवडही तापमानाबरोबर सरकते. दोन्हीकडचं घड्याळ एकत्र मंद होतं, म्हणून संवाद तुटत नाही. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून पाच मिनिटं नुसता बसलो होतो.

आता डासांकडे येऊ, कारण इथे प्रश्न आपल्या घरात शिरतो.

१८५५ मध्ये बाल्टिमोरचे डॉक्टर ख्रिस्तोफर जॉन्स्टन यांनी डासाच्या मिशांच्या बुडाशी असलेला एक अवयव ऐकण्याचा असावा असं म्हटलं. १८७४ मध्ये आल्फ्रेड मेयर यांनी जिवंत नर डास काचेला चिकटवला, ट्यूनिंग फोर्क वाजवला आणि सूक्ष्मदर्शकातून त्याच्या मिशांवरचे केस थरथरताना पाहिले. मग १८७८ मध्ये हायरम मॅक्सिम, हो, मशीनगनवाला तोच मॅक्सिम, एका हॉटेलात विजेचे दिवे बसवत होता. यंत्राचा एक बारीक सूर लागला की डास त्याच्याकडे धावून यायचे, आणि आलेले सगळे नर. त्याने हे जाणकारांना कळवलं, कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी १९०१ मध्ये त्याने लंडनच्या टाइम्सला पत्र लिहून सगळी हकीकत छापून आणली.

मॅक्सिमचं निरीक्षण बरोबर होतं. मादीच्या पंखांचा गुणगुणाट नराला बोलावतो. २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासांची जोडी जवळ आणून रेकॉर्ड केली. मादीचे पंख सुमारे ४०० हर्ट्झने, नराचे ६०० ने. दोघं जवळ आली की पंखांचा वेग किंचित बदलून १२०० हर्ट्झवर सूर जुळवतात. ४०० ची तिप्पट, ६०० ची दुप्पट. शाळेत लसावि कशाला शिकवतात असं विचारणाऱ्या भाच्याला मी आता हेच सांगतो.

पण लक्षात घ्या, या आवाजाकडे धावतो तो नर, आणि नर चावत नाही. तरीही ‘आवाजाने डास पळवणारी’ यंत्रं आणि मोबाइल ॲप विकली जातात. २००७ मध्ये अशा यंत्रांच्या दहा क्षेत्रीय चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला आणि चावे कमी झाल्याचा काहीही पुरावा मिळाला नाही. दर पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूचे पेशंट वाढतात. ते पैसे मच्छरदाणीवर घाला, आणि कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओता.

शेवटचा तुकडा. रेगेनच्या टेलिफोनची जागा पुढे लाउडस्पीकरने घेतली. १९७५ मध्ये विल्यम केड यांनी टेक्सासमध्ये स्पीकरवर रातकिड्याचं गाणं लावलं आणि वर एक मेलेला रातकिडा ठेवला. तिथे ऑर्मिया नावाची एक माशी आली. ही माशी गाणं ऐकून नर शोधते, त्याच्यावर आपल्या अळ्या सोडते, आणि अळ्या त्याला आतून खातात. म्हणजे हाक जिला मारली तिच्याखेरीज आणखीही कुणीतरी लाइनवर होतं.

हवाईच्या काउआई बेटावर ही माशी बाहेरून पोचलेली आहे, रातकिडेही बाहेरचेच. तिथे मार्लीन झुक यांना वर्षागणिक रातकिड्यांचा आवाज कमी कमी होत गेलेला आढळला. त्यांना वाटलं, संपले. पण रात्री बॅटरी घेऊन गेल्या तर रातकिडे होते, भरपूर. नव्वद टक्क्यांहून जास्त नरांच्या पंखांवरची ती दातेरी यंत्रणाच निकामी झाली होती, सपाट पंख. वीसपेक्षा कमी पिढ्यांत हे झालं, २००६ मध्ये छापून आलं. हे मुके नर उरल्यासुरल्या गाणाऱ्या नराजवळ जाऊन बसतात आणि त्याच्या आवाजावर आलेल्या माद्या वाटेत गाठतात. कान सगळ्यांचे अजून शाबूत आहेत.

आणि २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. हे मुके नर रात्री पंख उचलतात, आणि गाताना हलवायचे तसेच एकमेकांवर घासत राहतात. आवाज निघत नाही.