लहान डोळा, लहान छेद

चेन्नईत राहणाऱ्या माझ्या आत्याचे डोळे जाड भिंगांच्या चष्म्यामागे चांगले टपोरे दिसायचे. साठीनंतर मोतीबिंदू झाला, डोळे मोजले, तेव्हा कळलं की ते जन्मापासूनच लहान आहेत. प्रौढ माणसाचा डोळा समोरून मागे साधारण २३-२४ मिलिमीटर असतो. तिचा वीसही भरेना. ‘ऑपरेशन होईल, पण जोखीम आहे,’ डॉक्टर म्हणाले. ही जोखीम कसली, हे शोधताना मी इतिहासात शिरलो.

सुश्रुतसंहितेच्या काळापासून आपल्याकडे शलाकेने मोतीबिंदू बाजूला सारत. १७४७मध्ये फ्रान्सच्या दाव्हिएलने डोळ्याला छेद देऊन तो बाहेरच काढला. १८१९मध्ये मद्रासला नेत्ररुग्णालय निघालं. तेच आजचं एग्मोरचं सरकारी रुग्णालय. त्याच सुमारास तंजावरला आपले सरफोजीराजे भोसले डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं ठेवत होते. सरस्वती महाल ग्रंथालयात ते कागद आजही आहेत, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह. पण चित्रात डोळ्याची खोली दिसत नाही, आणि ती मोजायचं साधन तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं. ध्वनिलहरींनी मोजणी आली ती १९५०नंतर.

लहान डोळ्याचं दुखणं असं: घर लहान, पण आतलं भिंग नेहमीएवढंच. भिंती मात्र जाड, त्यामुळे आतल्या द्रवाचा निचरा नीट होत नाही. अशा डोळ्याला मोठा छेद दिला की आतला दाब एकदम उतरतो, पडद्यामागे पाणी किंवा रक्त साचतं आणि दृष्टी जाऊ शकते. म्हणूनच अशा रोग्यांना हात लावायला डॉक्टर कचरत.

१९६७मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून बारीक छेदातून ओढून घेतला. आत द्रव सोडत राहिल्याने दाब टिकतो. जोखीम संपली नाही, पण पुष्कळ उतरली. गरज पडल्यास डॉक्टर आधी डोळ्याच्या जाड भिंतीत छोट्या खिडक्या पाडतात.

आत्याला नेहमीच्या जवळजवळ दुप्पट ताकदीचं भिंग बसवलं. आता जाड चष्मा गेला, डोळे आहेत तेवढेच दिसतात, आणि ती रोज पेपर वाचते.

तुमच्या घरात कुणाला लहानपणापासून जाड ‘प्लस’चा चष्मा असेल, तर ऑपरेशनआधी एवढं विचारा: डोळ्याची लांबी किती? भेटू पुढच्या भागात.