१२. जरीची लक्ष्मी

राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातले रंगीत चित्र. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छापील लक्ष्मीच्या साडीवर खरे कापड डकवायचे, काठाला जर टाचायची, दागिन्यांच्या जागी टिकल्या नि मणी शिवायचे. चेहरा आणि हात मात्र छापील तसेच ठेवायचे. घरोघरी सारखेच पोचलेले चित्र असे त्या-त्या घरचे होई. अमेरिकेत खेळाडूंची चित्रे छापलेल्या जुन्या बेसबॉल कार्डांवर कातरकाम, रंगकाम करणाऱ्यांना कलावंत म्हणतात. हा मान जर टाचणाऱ्या बायकांनाही द्यायलाच हवा.