सिम्पसनचे थेंब

ढगावर ढग आपटतो आणि वीज चमकते, असं लहानपणी बहुतेकांनी ऐकलेलं असतं. टक्कर होते हे खरं, पण ढगांची नव्हे. कशाची, यावरून विसाव्या शतकात वीसेक वर्षं वाद चालला आणि त्यातली एक बाजू सिमल्यात तयार झाली.

वीज हा विद्युतभाराचाच खेळ आहे हे १७५२ साली फ्रान्समधल्या मार्ली गावी सिद्ध झालं होतं. फ्रँकलिनने सुचवल्याप्रमाणे तिथे उंच लोखंडी सळई उभारून वादळात तिच्यातून ठिणग्या काढल्या गेल्या. (पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये असाच प्रयोग करताना प्राध्यापक रिखमान यांचा जीव गेला.) पण ढगात हा भार येतो कुठून?

जॉर्ज सिम्पसन १९०६ साली हिंदुस्थानच्या हवामान खात्यात आले. सिमल्यात त्यांनी पावसाबरोबर उतरणारा भार मोजला. तो बहुतांशी धन निघाला. मग हवेच्या झोतावर पाण्याचे थेंब फोडून पाहिले, तर पाण्यावर धनभार आणि हवेत ऋणभार. झालं, सिद्धांत तयार! वर चढणारा वारा थेंब फोडतो. म्हणून ढगाच्या तळाशी धन आणि माथ्यावर ऋण.

केंब्रिजचे सी. टी. आर. विल्सन जमिनीवरून विद्युतक्षेत्र मोजून बरोबर उलटं सांगत होते. सिम्पसन तोवर ब्रिटिश हवामान खात्याचे प्रमुख झालेले. हटले नाहीत.

मात्र नुसतं अडून न बसता त्यांनी ढगात फुगे सोडायचं ठरवलं, आणि मला ही माणसं आवडतात ती यासाठी. फुग्याखाली एक साधं यंत्र टांगलेलं, त्यात घड्याळाच्या गतीने फिरणारा रसायनात भिजवलेला कागद. त्यावरच्या निळ्या डागावरून क्षेत्राची दिशा कळे. १९३७ साली सिम्पसन आणि स्क्रेज यांनी निष्कर्ष छापले: माथ्यावर धन, खाली ऋण. विल्सन बरोबर होते. अगदी तळाशी धनभाराचा एक छोटा कप्पा सापडला. तेवढ्यात सिम्पसननी आपल्या थेंबांची सोय लावली!

भार वेगळे होत होते ते गोठणबिंदूच्या बरंच वर, जिथे फुटायला पावसाचे थेंबच नाहीत. तिथे आहे बर्फ. मऊ गारा आणि बर्फाचे बारीक स्फटिक एकमेकांवर आदळतात. बहुधा गारा ऋणभार घेऊन खाली राहतात, हलके स्फटिक धनभार घेऊन वाऱ्याबरोबर वर जातात. गंमत म्हणजे, ढगात मोजलेलं क्षेत्र हवा फोडायला लागतं त्याहून कितीतरी कमी भरतं. पहिली ठिणगी कशी पडते, यावर शास्त्रज्ञ अजूनही भांडताहेत.